वस्तऱ्याच्या दांड्यावरची अक्षरे

घरातल्या जुन्या वस्तूंविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत गेल्या काही महिन्यांत उघड्या वस्तऱ्यांविषयीची पत्रे बरीच आली आहेत. ती वाचताना असे जाणवले की, बहुतेकांनी वस्तऱ्यावरचे नाव वाचून निष्कर्ष आधीच काढलेला असतो आणि त्याला फक्त दुजोरा हवा असतो. नाव हा पुरावा आहे, परंतु त्या एका पुराव्यावर निवाडा देता येत नाही. पात्याचा घाट, मुठीचा पदार्थ, देशाच्या नावाचा उल्लेख किंवा त्याचा अभाव, या सर्वांची साक्ष एकमेकींशी जुळली तरच वस्तरा कोणाचा आणि कोठला हे ठामपणे म्हणता येते. सोयीसाठी पाते आणि मूठ यांच्या मधल्या जाड भागाला येथे ‘दांडा’, त्याच्या मागे निघालेल्या वाकड्या टोकाला ‘शेपूट’ आणि धारेच्या विरुद्ध बाजूला ‘पाठ’ म्हटले आहे.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेला एक वस्तरा मिळाला. दांड्यावर मुकुट आहे, मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही इंग्रजी अक्षरे आहेत, खाली ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’ असे नाव आहे आणि एक तारा व एक फुलीसारखी खूण आहे. देशाचे नाव कोठेही नाही. मूठ काळी आहे. हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला समजावा काय, आणि तो अस्सल आहे हे कशावरून ओळखावे? सोबत छायाचित्रे पाठवीत आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण दोन्ही बाजूंची आणि शेपटाचीही छायाचित्रे पाठवली, त्यामुळे पुष्कळ सांगता येते.

आपला वस्तरा इंग्लंडमधील शेफिल्डचा आहे. शेफिल्ड आणि त्याच्या भोवतालचा हॅलमशायर हा प्रदेश चाकू, कात्र्या व वस्तरे घडवणाऱ्या कारागिरांचा. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने त्यांचा संघ स्थापन झाला आणि प्रत्येक कारागिराची खूण नोंदवण्याचा अधिकार त्या संघाकडे आला. खूण ही मालमत्ताच होती. ती वारशाने मिळे आणि विकतही घेता येई. आपण जिला फुली म्हणता तो माल्टा क्रॉस आहे, म्हणजे टोकांकडे रुंद होत गेलेल्या चार भुजांची आकृती. तारा आणि माल्टा क्रॉस ही जोडखूण रॉजर्स घराण्याला १७६४ मध्ये मिळाली. पुढे नॉरफोक स्ट्रीटवरील त्यांच्या कारखान्याचे नाव इतके मोठे झाले की, ‘क्रमांक ६, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ताही मालावर कोरला जाऊ लागला.

मुकुट आणि ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी (‘आर’ म्हणजे लॅटिनमधील ‘रेक्स’ किंवा ‘रेजिना’, राजा किंवा राणी). ती १८३७ मध्ये गादीवर आली, तेव्हा आपला वस्तरा त्या वर्षाच्या आधीचा नाही, हे निश्चित. मात्र १९०१ मध्ये राणी वारली म्हणून त्याच दिवशी कारखान्यातले जुने ठसे कोणी फेकून दिले नसणार, त्यामुळे वरची मर्यादा तितकी घट्ट धरता येत नाही. राजचिन्हाने काळ ठरवताना हा फरक नेहमी लक्षात ठेवावा : ते वस्तरा कधीच्या आधीचा नाही हे सांगते, कधीच्या नंतरचा नाही हे सांगत नाही. या चिन्हांपैकी सर्वांत उपयोगी म्हणजे ‘डब्ल्यू आर’, कारण चौथ्या विल्यमची कारकीर्द अवघी सात वर्षांची, १८३० ते १८३७. उलट ‘जी आर’ने सर्वाधिक फसगत होते. तिसरा व चौथा जॉर्ज धरले तर १८३० पर्यंतचा काळ होतो, पण पाचवा जॉर्ज १९१० मध्ये आणि सहावा १९३६ मध्ये राजा झाला. केवळ ‘जी आर’ पाहून वस्तरा दोनशे वर्षांचा ठरवणाऱ्यांनी आधी त्याचा घाट पाहावा.

‘इंग्लंड’ हा शब्द नाही, हीदेखील एक साक्ष आहे. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकात कायद्याने, म्हणजे मॅकिन्ले कायद्याने, परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले आणि मार्च १८९१ पासून त्याची अंमलबजावणी झाली. आपला वस्तरा अमेरिकेला गेलेला नाही, तेव्हा तो कायदा त्याला लागू नव्हता, हे खरे. पण प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळा ठसा ठेवणे कारखानदाराला परवडत नसे, म्हणून साधारणपणे १८९१ नंतर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्वत्र दिसू लागतो. तो नसणे हे जुनेपणाकडे झुकते माप देते. त्याला शाबितीचा दर्जा देऊ नये.

आता घाट. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना शेपूट जवळजवळ नसे, किंवा असले तर नखाएवढे असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते लांबू लागले आणि बोट टेकवण्याइतके झाले. त्याच सुमारापर्यंत पाते पाचरीसारखे असे. पाठ जाड आणि दोन्ही बाजू जवळजवळ सपाट उतरत धारेपर्यंत गेलेल्या. दोन्ही बाजू आतून खोलगट घासून पाते हलके करण्याची पद्धत शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतून पसरली. आपल्या छायाचित्रात शेपूट पुरते लांब आहे आणि टोकाकडून पाहिल्यास पाते पाचरीचे असले तरी मध्ये किंचित बसके आहे. देशाचे नाव नसणे आणि हा घाट एकत्र धरल्यावर मी हा वस्तरा राणीच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातला, पण १८९१ च्या अलीकडचा नसलेला मानतो.

अस्सलपणाची शंका रास्त आहे, कारण रॉजर्सची नक्कल त्या काळीही अतोनात झाली. १८४० च्या दशकात शेफिल्डमधल्याच नॉविल नावाच्या कारागिरांवर रॉजर्सनी आपल्या नावाचा व मुकुटाचा ठसा वापरल्याबद्दल फिर्याद केली, आणि तो खटला व्यापारचिन्हांच्या इंग्रजी कायद्यात आजही सांगितला जातो. पुढे ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदे झाले, यावरून हा उपद्रव किती वाढला होता ते कळते. पडताळणीसाठी प्रथम नावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहावे. या घराण्याच्या नावात ‘जी’च्या आधी ‘डी’ हे अक्षर आहे. ते नसेल तर वस्तरा या कारखान्याचा नव्हे. आपल्या वस्तऱ्यावर ते स्वच्छ वाचता येते. दुसरे असे की, खरा ठसा पोलाद कडक करण्यापूर्वी हातोड्याच्या घावाने उठवलेला असतो, त्यामुळे त्याची एक बाजू बहुधा दुसरीपेक्षा खोल जाते आणि अक्षरांच्या कडा मऊ असतात. मागाहून कोरलेल्या अक्षरांना सारखी खोली आणि बोचऱ्या कडा असतात. नखाचे टोक फिरवले तरी फरक समजतो. आपल्या छायाचित्रात ‘सन्स’ची शेवटची अक्षरे उथळ आहेत म्हणून आपण शंका घेतली आहे, पण माझ्या मते तीच या ठशाच्या खरेपणाची उत्तम खूण आहे.

मूठ शिंगाची असावी. ती दिव्यासमोर धरून पाहा : शिंग असेल तर पातळ कडेतून तपकिरी उजेड झिरपतो आणि लांबीच्या दिशेने तंतू दिसतात. जुन्या शिंगाला कीड लागून कडेला कुरतडल्यासारख्या खाचाही पडतात. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नये.

प्रश्न : येथील जुन्या बाजारात एक वस्तरा घेतला. दांड्याच्या एका बाजूला एका अमेरिकन व्यापारी कंपनीचे नाव आणि ‘न्यू यॉर्क’ आहे, दुसऱ्या बाजूला ‘जर्मनी’ आहे. मूठ हस्तिदंती रंगाची असून तिच्यावर फुलांची नक्षी आहे. हा अमेरिकन समजावा की जर्मन? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पाते जर्मन आहे, बहुधा पोलादी हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन या गावचे, आणि दांड्यावरचे नाव तो मागवून विकणाऱ्याचे आहे. ज्याने वस्तरा घडवला त्याचे नाव वस्तऱ्यावर असेलच असे नाही, ही गोष्ट जर्मन वस्तऱ्यांच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे दिसते, आणि त्याचे कारण तेथील कामाच्या वाटणीत आहे.

झोलिंगेनमध्ये वस्तरा एका छपराखाली तयार होत नसे. घडवणारा लोहार वेगळा, पाणी देऊन कडक करणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. घासण्याचे काम वुपर नदीकाठच्या, पाण्यावर चालणाऱ्या दगडी चाकांच्या झोपड्यांतून होई. त्यांतली बाल्खाउझर कोटेन आणि विपरकोटेन ही दोन ठिकाणे आजही पाहता येतात. घासणारा चाकाच्या अगदी जवळ बसे, आणि पाते किती पातळ करायचे हे मापाने न ठरता त्याच्या बोटांनी ठरत असे. पूर्ण खोलगट घासलेल्या पात्याची धार अंगठ्याच्या नखाच्या कडेवर अलगद दाबली तर ती वाकून परत सरळ होते आणि पात्यातून बारीक आवाज निघतो. (धार लागलेला वस्तरा असे करून पाहू नये.) अशी तयार पाती घाऊक भावाने घेऊन त्यांवर स्वतःचा ठसा उठवून घेणारे व्यापारी अनेक होते, न्यू यॉर्कची अ‍ॅडॉल्फ कॅस्टर ही पेढी त्यांतलीच. एकाच हाताने घासलेली पाती अशा रीतीने चार वेगळ्या नावांनी विकली जात.

आपल्या वस्तऱ्यावर केवळ ‘जर्मनी’ आहे. तेव्हा वर सांगितलेल्या अमेरिकन कायद्यामुळे तो १८९१ किंवा त्यानंतरचा ठरतो. ‘पश्चिम जर्मनी’ असते तर तो १९४९ नंतरचा झाला असता. त्याच कायद्याने वस्तऱ्यांवरची जकातही भरमसाट वाढवली होती. शेफिल्डच्या अमेरिकेतल्या व्यापाराला त्याचा मोठा फटका बसला आणि न्यू यॉर्क राज्यातील जिनीव्हा या गावासारख्या ठिकाणी अमेरिकन वस्तरे करणाऱ्या कारखान्यांना बळ मिळाले. म्हणून अमेरिकन नाव असलेला प्रत्येक वस्तरा आयात केलेलाच असेल, असेही समजू नये. आपल्या बाबतीत मात्र दुसऱ्या बाजूच्या एका शब्दाने प्रश्न सोडवला आहे.

‘झोलिंगेन’ हे नाव दांड्यावर असेल तर त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. या नावाची पत एवढी होती की, बाहेरचे लोकही ते आपल्या मालावर छापत. अखेर १९३८ मध्ये जर्मनीत त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्या परिसरात तयार झालेल्या मालाखेरीज ते वापरण्यास मनाई झाली. त्यामुळे १९३८ नंतरच्या वस्तऱ्यावरचे ‘झोलिंगेन’ भरवशाचे, आणि त्याआधीच्या वस्तऱ्यावरचे इतर साक्षींसह तपासायचे. झोलिंगेनच्याच हेन्केल्स या घराण्याची जुळ्यांची खूण प्रसिद्धच आहे. ती १७३१ मध्ये नोंदवली गेली, परंतु ते वर्ष त्या खुणेचे आहे, आपल्या हातातल्या वस्तऱ्याचे नव्हे. त्याच घराण्याच्या वस्तऱ्यावर ‘फ्रिओडूर’ हा शब्द, म्हणजे गोठवून कडक केलेल्या त्यांच्या पोलादाचे नाव, असेल तर तो १९३९ च्या आधीचा असूच शकत नाही. वस्तऱ्यावर एखादे वर्ष दिसले की ते बनावटीचे वर्ष मानण्याची चूक फार होते. ते बहुतेक वेळा कारखान्याच्या स्थापनेचे, पेटंटचे किंवा एखाद्या प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचे असते.

मूठ हस्तिदंताची नाही. हस्तिदंतावर फुलांची इतकी गुळगुळीत, साच्यातून निघाल्यासारखी नक्षी नसते. हे सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातले एक प्लॅस्टिक आहे, आणि अमेरिकेत हायट बंधूंनी त्याचे पेटंट १८७० मध्ये घेतले. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. नकली पदार्थात सरळ, समांतर, अगदी एकसारख्या रेषा असतात. कापडाने मूठ जोरात चोळून नाकाशी धरा. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, आणि शंभर वर्षांनंतरही त्याचा वास देव्हाऱ्यातल्या डबीसारखा ओळखीचा येतो. मात्र सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पाते मुठीच्या आतल्या बाजूने गंजत जाते. मूठ चिकट झालेली, तिला बारीक तडे गेलेले किंवा तिचा वास आंबट झालेला वाटला, तर तो वस्तरा इतर वस्तऱ्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा.

प्रश्न : आमच्याकडच्या वस्तऱ्याच्या पात्यावर ‘सिल्व्हर स्टील’ असे कोरलेले आहे. यात खरोखर चांदी आहे काय? सराफाला दाखवावा काय? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सराफाकडे जाण्याचे कारण नाही, पण या दोन शब्दांमागची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

१७९० च्या दशकात हेलेनस स्कॉट या मुंबईतील डॉक्टरने हिंदुस्थानात तयार होणाऱ्या वूट्झ पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. त्या पोलादावर तेथील विद्वानांनी लेख लिहिले, आणि लंडनच्या स्ट्रँडवर शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट त्याच्या धारेवर इतका खूश झाला की पुढे तो त्याचा पुरस्कर्ताच बनला. त्याच स्टोडार्टने तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरले. फॅरडेने १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि पुढील तीन वर्षे दोघांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. चांदी पोलादात फार थोडी मुरते, पाचशे भागांत एक भाग, हे त्यांना आढळले, आणि एवढ्या चांदीने पोलाद सुधारते असे त्यांचे मत झाले. वीज व चुंबकत्वावरच्या शोधांसाठी आपण ज्याला ओळखतो, त्या फॅरडेने आपल्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते.

त्यानंतर ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द शेफिल्डच्या बाजारात शिरले आणि मालाची जाहिरात होऊन बसले. आजही इंग्लंडमध्ये त्या नावाचे एक चकचकीत हत्यारी पोलाद मिळते, त्यात चांदी मुळीच नसते. आपल्या पात्यावरचे शब्द एवढेच सांगतात की, तो वस्तरा १८२० च्या आधीचा नाही. जोडीने आढळणारा ‘कास्ट स्टील’ हा शब्द मात्र अर्थपूर्ण आहे. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या सुमारास शेफिल्डजवळ मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले, आणि धारेच्या कामासाठी तेच सर्वोत्तम ठरले. असा शब्द असलेले पाते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचे असू शकत नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांचा व्यवसाय केशकर्तनाचा होता. त्यांच्या धोकटीतल्या एका वस्तऱ्यावर माशाचे चित्र आणि ‘एस्किल्स्टुना’ असा शब्द आहे. हे कंपनीचे नाव आहे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एस्किल्स्टुना हे स्वीडनमधील गाव आहे, शेफिल्ड आणि झोलिंगेनसारखेच पोलादी हत्यारांचे. मासा म्हणजे शार्क असून ती एरिक अँटन बर्ग यांच्या कारखान्याची खूण आहे. त्याच गावचे हेल्येस्ट्रांड यांचे वस्तरेही नावाजलेले आहेत. स्वीडिश पोलाद कडक आणि बारीक कणांचे असल्याने धार टिकते, आणि रोज अनेक गिऱ्हाइके करणाऱ्या कारागिराने तो निवडला यात आश्चर्य नाही. आपल्या वडिलांच्या धोकटीत तो धार लावण्याच्या कोणत्या पट्ट्याबरोबर आणि कोणत्या पथरीबरोबर होता, तेही लिहून ठेवा. हत्यार कोणाच्या हातात होते ही माहिती कोणत्याही ठशात मिळत नाही.

प्रश्न : वस्तरा पूर्ण गंजला आहे, अक्षरे वाचता येत नाहीत. आधी पॉलिश करून घ्यावा काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. हे मी कळकळीने सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दाखवायला आणलेला एक पाचरीचा वस्तरा असाच हातचा गेला. शेपूट आखूड होते, मुकुटाचा वरचा भाग दिसत होता, आणि त्याखालचे अक्षर ‘डब्ल्यू’ असावे असा मला दाट संशय होता. पुढच्या भेटीत वाचू म्हणून आम्ही थांबलो. मधल्या आठवड्यात घरच्यांनी तो एका पॉलिशवाल्याकडे फिरत्या चाकावर घासून घेतला. परत आला तेव्हा पाते आरशासारखे लखलखत होते आणि दांडा कोरा होता.

सुती कापडाला शिलाई यंत्राचे तेल लावून दांडा एक रात्र गुंडाळून ठेवा. आधी धारेवर जाड पुठ्ठा दुमडून बांधा. गंजलेली धारही खोल कापते. सकाळी बांबूच्या काडीचे टोक बोथट करून अक्षरांच्या खाचांतला मऊ झालेला लाल गंज हलकेच उकरा आणि पुसा. काळा, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. तो पोलादाला धरून असतो आणि अक्षरांच्या कडा त्यातच शाबूत असतात. पात्याच्या सपाटीवरची नक्षी किंवा अक्षरे आम्लाने उठवलेली असतात आणि कधी त्यांत सोनेरी मुलामा भरलेला असतो. तेथे काडीही लावू नये, कारण तो मुलामा अंगठ्याने चोळला तरी निघतो.

वाचण्यासाठी डोक्यावरच्या दिव्याचा उपयोग होत नाही. खिडकीशी बसून सकाळचा तिरपा उजेड दांड्यावर आडवा पडेल असा वस्तरा हळूहळू फिरवा. एका क्षणी अक्षरांच्या एका बाजूला सावली भरते आणि अर्धवट झिजलेला ठसाही उठून दिसतो. छायाचित्र त्या क्षणाचे घ्यावे. तरीही वाचता आले नाही तर दांड्यावर बटर पेपर घट्ट धरून त्यावर मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी. दोन्ही बाजू, शेपूट, टोकाकडून पात्याचा घाट आणि मुठीच्या खिळ्यांभोवतीच्या चकत्या एवढ्यांची छायाचित्रे मिळाली की पुढचे काम सोपे होते.

आपल्या पत्राच्या शेवटी मूठ हस्तिदंताची किंवा कासवाच्या कवचाची असल्यास विकता येईल काय, असे विचारले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये भारतात हस्तिदंताची आणि समुद्री कासवाच्या कवचाची खरेदी-विक्री बेकायदा आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. मूठ काढून पाते वेगळे विकण्याचाही विचार करू नये. पाते आणि मूठ ज्या खिळ्याने मूळ कारागिराने जोडली, तो खिळा निघाला की त्या वस्तऱ्याचा एक साक्षीदार कायमचा जातो.